लोकरीतली कुसळं

कोकणातून मराठवाड्यात गवत बघायला चालले आहे, असं मी शेजारच्या वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. त्यांचंही बरोबर आहे. आमच्या राजापूरच्या बाजूला पावसाळा सरला की गवत म्हणजे काढून टाकायची वस्तू. अंगणातलं उपटायचं, कातळसड्यावरचं कापायचं, उरलंसुरलं भाजावळीत जाळायचं. ते बघायला कोणी गाड्या बदलत, मान अवघडून घेत छत्रपती संभाजीनगरपर्यंत जात नाही.

खरं कारण सुजाता. आम्ही दोघी पुण्याला एम.एस्सी. करताना एका खोलीत राहायचो. पुढे मी गावाकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, तिनं तिच्या शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र. तिचा जीव माळावरच्या बारक्या गवतांवर. वीतभर उंची, फूल म्हणावं असं डोळ्यांना काही दिसत नाही, आणि दोन जाती एकमेकींसारख्या इतक्या की भिंगाखाली धरल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत. तिला नेमकी तीच आवडायची. निवृत्तीनंतर आम्ही ठरवलं होतं की शाळेतल्या मुलांसाठी या गवतांचं एक लहानसं पुस्तक करायचं. मजकूर तिचा, चित्रं माझी. ती वर्तमानपत्रात दाबून वाळवलेले नमुने कुरिअरने पाठवायची, मी चित्रं काढून परत पाठवायचे.

मग मागच्या उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला, पाय थोडा ओढू लागला, आणि शब्द गेले. सगळे नाहीत. ‘ये, बस, नको, चल’ असलं सगळं तिला येतं. गेली ती नावं. वस्तूंची, माणसांची, गवतांची. समजतं सगळं, पण बोलायला गेली की नावाच्या जागी मोकळी जागा.

दिवाळी झाल्यावर मी निघाले. पुस्तकाचा विषय काढायचा नाही, असं मनाशी पक्कं करून.

गारखेडा

दार तिनंच उघडलं. डाव्या हातात काठी, केस बारीक कापलेले. “अगं,” ती म्हणाली. मग पुन्हा, “अगं…” तिचे ओठ माझं नाव शोधत होते. मला ते बघवेना. “मालती! मालती गं!” मी घाईघाईने म्हणाले. तिनं मान हलवली, मला जवळ घेतलं, पण चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं होतं.

तिचे यजमान अशोकराव बँकेतून निवृत्त झालेले. दुपारी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. आजारपणानंतर शिकले म्हणे. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देताना ते हळूच म्हणाले, “मालतीताई, एक सांगू का? राग मानू नका. तिला शब्द देऊ नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, नुसतं थांबायचं. आपण शब्द दिला की तिचं शोधणं तिथंच थांबतं.”

“पण किती त्रास होतो तिला!”

“तिला होतो, अन् आपल्याला लई होतो. मला थांबायला शिकायला सगळा पावसाळा लागला.”

जन्मभर शिकवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. वर्गात मूल अडखळलं की पुढचा शब्द मीच पुरवायचे. हात आपोआप जावा तशी माझी जीभ जाते.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे भात नसला तर जेवण झालं असं वाटत नाही. इथे भात शेवटी, चमचाभर, पाहुण्याच्या समाधानापुरता. सुजातानं माझ्याकडे हात पुढे केला. “मंगळवार दे.”

मी थबकले. अशोकरावांनी शांतपणे मीठ सरकवलं. “अडलं की मंगळवार येतो,” ते म्हणाले. “का, ते कुणालाच माहीत नाही. चष्मा मंगळवार, कुकर मंगळवार. परवा मला पण मंगळवार केलं.” सुजाता हसायला लागली, मग आम्ही तिघंही हसलो, आणि आल्यापासून पहिल्यांदाच मला ती सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते आणि बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला. सलग, न अडखळता, एका लयीत. मी गॅस बंद करून धावले. ती बुद्धमूर्तीपुढे बसून त्रिसरण म्हणत होती, नंतर पंचशील. पूर्ण. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी दारात उभी राहून अशोकरावांकडे पाहिलं. माझ्या तोंडावर आनंद मावत नसणार.

“ते येतं,” ते म्हणाले. “लहानपणापासून मुरलेलं आहे ना. गाणी येतात, पाढे येतात. मीठ येत नाही.”

वंदना आटोपल्यावर ती उठली, कपाटाकडे गेली आणि चित्रांची फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. मी न काढलेला विषय तिनंच काढला. एका हाताने कागद उलटवत ती एका पानाशी थांबली. तिथे मी दोन गवतं शेजारी शेजारी काढली होती. दोन्ही कुसळवाली, दोन्ही अरिस्टिडा या एकाच वंशातली. एकीचं आडनावासारखं पुढचं नाव अ‍ॅडसेन्शनिस, दुसरीचं फ्युनिक्युलाटा. यांचा दाणा टोकदार असतो आणि त्याच्या शेंड्याला केसांसारखी तीन लांब कुसळं असतात. चित्रांत दोघी बहिणी दिसत होत्या. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

तिनं दुसऱ्या चित्रावर बोट आपटलं. “नाही.”

“काय चुकलंय?”

“हे… असं नाही. हे…” तिचा चेहरा लाल झाला. “मंगळवार! मंगळवार गं!”

“पेर चुकलं? देठ? पान?” मी एकेक शब्द तिच्यापुढे टाकत गेले. ती प्रत्येकाला मान हलवत होती. शेवटी तिनं फाईल खाडकन मिटली आणि आत निघून गेली. अशोकरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना थांबता येतं, मला येत नाही, एवढं दोघांनाही कळलं.

हर्सूल

मीच सुचवलं, की गवतापाशीच जाऊ या. बोलून सांगता येत नाही तर दाखवेल. अशोकरावांनी गाडी काढली आणि हर्सूल तलावाच्या बाजूला, जिथे ती विद्यार्थ्यांना घेऊन जायची, तिथे आम्ही सकाळी पोचलो.

आमच्याकडे नोव्हेंबरातही डोळ्यांत हिरवंच भरतं. इथे माळ पिवळा, त्याच्यावर तिरपं ऊन आलं की फिक्या जांभळ्या रंगाची झाक, आणि वारा आला की सगळा उतार एका बाजूला केस विंचरल्यासारखा. खाली काळा खडक आणि बोटभर मुरूम. एवढ्याशा मातीत हे उभं राहतं, फुलतं, दाणा धरतं आणि वाळूनही ताठ राहतं. मी मनापासून म्हटलं, “सुंदर आहे गं.” ती खुशीत हसली, जणू घर आवडलं का, असं तिनं विचारलं होतं.

ती वाकून शोधू लागली आणि तेवढ्यात फिरायला आलेला एक गृहस्थ आमच्याकडे धावत आला. तिचा जुना विद्यार्थी. माणूस भला. “मॅडम! पहचाना क्या? मी! शेवटच्या बाकावरचा!”

सुजातानं तोंड उघडलं. मी थांबले, खरंच थांबले. पण तो थांबला नाही. त्याला आजारपणाचं ऐकून माहीत असावं. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा तो मोठमोठ्याने, शब्द सुटे सुटे करत बोलू लागला. “मॅडम, तब्येत… बरी… आहे… ना?” मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, “समजतं का त्यांना?”

सुजातानं पाठ फिरवली आणि काठी टेकत गाडीकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर ती फक्त “घरी” म्हणाली. अशोकरावांनी सांगितलं, आजारानंतर ती बाहेरच्या माणसाशी एक शब्द बोललेली नाही. दुकानात जात नाही, फोन घेत नाही. विहारात जाते ती सगळ्यांबरोबर वंदना म्हणायला, आणि संपलं की पहिली उठून येते.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम नानखलिया आणवला. लालबुंद रस्सा आणि पिवळ्या रंगाचा मऊ नान. आमच्या माशांच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला तो अपूर्व वाटला, पण कोणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. पानं आवरताना मी सुजाताला म्हटलं, “राहू दे ते चित्र. पुस्तक नाही झालं तर काय बिघडतंय?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला ताट हातात धरून उभं राहावं लागलं. मग तिनं भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाजवळ जाऊन वरच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगरापाशी बोट ठेवलं. “इथं जाऊ,” ती म्हणाली.

फर्दापूर

फर्दापूरला सगळे लेण्यांसाठी उतरतात. आम्ही गाडीतून उतरलो तशी गारगोट्या विकणाऱ्यांनी गराडा घातला. “बाई, असली माल आहे, हात लावून बघा.” आम्हाला लेण्यांकडे नाही, उलट दिशेच्या उताराकडे जाताना पाहून एकजण मागून ओरडला, “ताई, रस्ता चुकला!” अशोकराव चहाच्या टपरीवर थांबले. गुडघे दुखतात म्हणाले. पण मला वाटतं, आम्हा दोघींना सोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

चढ फार नव्हता, तरी तिच्या पायाला होता. डाव्या हातात काठी, उजवा हात माझ्या खांद्यावर. दर थोड्या वेळाने आम्ही दगडावर टेकत होतो. माझ्या मोज्यांत कुसळं शिरून टोचायला लागली होती. आमच्या रानात पावसाळ्यात जळवा लागतात, त्या निदान दुखवत तरी नाहीत. मी मोजे काढून झटकत बसले. झटकून निघतील तर ती कुसळं कसली!

सुजाता गवतात खाली बसून एकेक काडी बघत होती. इतक्यात वरून मेंढ्या उतरल्या आणि त्यांच्यामागे साठीच्या घरातल्या एक बाई. हातात काठी, डोक्यावर पदर, खांद्याला पाण्याची बाटली. गयाबाई त्यांचं नाव, नंतर कळलं. दोन म्हाताऱ्या बाया जमिनीला नाक लावून बसलेल्या पाहून त्या थांबल्या.

“काय हरवलं वं बाई?”

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, मी ते गिळलं. वारा वाहत होता, मेंढ्या चरत होत्या. गयाबाई काठीवर हनुवटी टेकवून उभ्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. दिवसभर मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला कोणी दोन वाक्यांच्या मध्ये थांबलं तर त्यात नवल वाटत नसावं.

“सापडतंय,” सुजाता म्हणाली.

“सापडू द्या मग,” म्हणून गयाबाई आमच्याशेजारी खाली बसल्या.

बसल्या त्या एका मेंढीला मांडीशी ओढून. तिच्या मानेवरची लोकर कुसळांनी भरून गेली होती आणि त्या एकेक उपटून टाकू लागल्या. “लई वंगाळ गवत हाय हे. कोवळं व्हतं तंवर बरं, चरत्यात. आता वाळलं की तोंडात टोचतं, डोळ्यात जातं. मागल्या साली एका कोकराचा डोळाच गेला.”

“या गवताला तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं.

“कुसळ.”

“आणि ते पलीकडचं?”

“ते बी कुसळच.” त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “टोचणारं समदं कुसळच की, बाई.”

मला हसू आलं, पण सुजाता हसली नाही. ती सरकत सरकत मेंढीजवळ गेली होती आणि लोकरीकडे डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी एक कुसळ धरलं आणि ओढलं. टोकदार दाण्यासकट अख्खं बाहेर आलं. ते तिनं शेजारच्या काळ्या दगडावर ठेवलं. दुसरं धरलं, ओढलं. या वेळी नुसती तीन केसांची शेपटी हातात आली. दाणा लोकरीतच राहिला. ती शेपटी तिनं दगडाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. पुन्हा एक अख्खं. पुन्हा एक तुटलेलं.

“हां, हेच ते,” गयाबाई वैतागून म्हणाल्या, “काही काही मेली हातात शेपूट देत्यात अन् आपण आतच बसत्यात. मंग नखानं काढावं लागतं.”

सुजातानं माझा हात धरून तो दगडाकडे ओढला. मी भिंग लावलं. अख्ख्या निघालेल्या कुसळात तीन केस थेट दाण्याच्या शेंड्यातून फुटले होते. तुटून आलेल्यात तसं नव्हतं. आधी एक लांब, पीळ घातलेली दांडी, आणि तिच्या वरच्या टोकाला तीन केस. दांडी खाली जिथे दाण्याला जोडलेली असते तिथे सांधा होता. ओढलं की तिथूनच सुटत होती. फ्युनिक्युलाटा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच बारीक दोरी, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि विसरून गेले होते.

मग माझ्या चित्रातली चूक मला दिसली. तिनं पाठवलेल्या नमुन्यांपैकी एकीची कुसळं कुरिअरात गळून पडली होती. मला वाटलं, नमुना खराब झाला. म्हणून मी दुसऱ्या गवताच्या नमुन्यावरून ती पुरी केली. एकाच वंशातल्या, सारख्याच असणार. त्या नमुन्याला काहीच झालं नव्हतं. गळून जाणं हीच तिची खूण होती, आणि मी ती माझ्या अंदाजाने भरून काढली होती.

“अगं, मी हिला दुसरीसारखीच काढली,” मी म्हणाले.

सुजातानं एक ताजी काडी माझ्यापुढे धरली. दाण्याला बाहेरून कवटाळणारी जी दोन पातळ तुसं असतात, त्यांच्यावर तिनं नख ठेवलं. खालचं तूस वरच्यापेक्षा चांगलं लांब. दुसरी काडी उचलली. तिच्यात खालचं तूस आखूड. माझ्या चित्रांत दोन्हीकडे आखूडच होतं. “बघ,” ती म्हणाली. “आता बघ.”

मी पाहिलं. पुढच्या काडीला तिनं न सांगता मी सांगितलं, ही दोरीवाली. तिनं मान डोलावली. त्याच्या पुढची चुकले, तेव्हा माझ्या हातावर चापट मारली, हॉस्टेलात मारायची तशीच. गयाबाईंची मेंढी बरीच स्वच्छ झाली. “ही बी घ्या की,” म्हणत त्यांनी दुसरी पुढे ओढली, आणि आम्ही तिची मानही साफ केली.

निघताना गयाबाईंनी सुजाताच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “वारं गेलं का अंगावरून?”

“हो,” सुजाता म्हणाली. मग थोडं थांबून, “बोलताना… जातं. येत नाही.”

“माझ्या दिराचं बी तसंच झालं व्हतं. बसा बोलत कुणाशी तरी. मेंढरांशी बी चालतं.” एवढं म्हणून त्या उठल्या आणि कळपामागे उतरून गेल्या.

खाली टपरीवर मी अशोकरावांना सगळं सांगितलं, तुसांचं, सांध्याचं, माझ्या चुकीचं. त्यांचं त्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. “बाहेरच्या बाईशी बोलली?” त्यांनी विचारलं. “काय म्हणाली?”

“सापडतंय, म्हणाली.”

“अन् नंतर?”

मी सांगितलं. त्यांचा चहा बशीत निवून गेला. “पहिल्यापासून सांगा ना,” ते म्हणाले, “त्या बाईंनी काय विचारलं, तिथपासून.” मी पुन्हा सांगितलं. सुजाता समोर पिठलं-भाकरी खात होती; तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या ताटातला ठेच्याचा गोळा उचलून त्याच्या भाकरीवर ठेवला.

पुन्हा गारखेडा

उरलेले दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर काढले. मी रेघ ओढायची, ती शेजारी बसून बघायची. चुकली की बोट आपटायची, बरोबर असली की काहीच करायची नाही. पीळ उलट्या बाजूने गेला तेव्हा तिनं मला कागदच बदलायला लावला. मजकुराचंही आम्ही ठरवलं: मी एक वाक्य लिहून वाचायचं, तिनं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. ‘नाही’ आलं की मी गप्प बसायचं, आणि नेमकं काय नाही ते तिच्याकडून यायची वाट बघायची. कधी खूण यायची, कधी अर्धं वाक्य, कधी मंगळवार. एका वाक्याला सकाळ जायची. मी इतकी वर्षं शिकवलं, पण एवढं गप्प कधी बसले नव्हते.

माझं नाव मात्र तिला शेवटपर्यंत आलं नाही. बसस्टँडवर निरोप देताना ती पुन्हा “अगं…” वर थांबली. मीही थांबले. बस भरत होती, कंडक्टर ओरडत होता. शेवटी तिनं मान हलवली, “जा,” म्हणाली आणि माझ्या हातात भाकऱ्यांची पुरचुंडी दिली.

राजापूर

परत आल्यावर आमचा हिरवा रंग मला दोन-चार दिवस उगाच भडक वाटत राहिला. वहिनींनी विचारलं, “पाहिलंत का गवत?” मी त्यांना पीळ घातलेली दांडी दाखवली. त्या भिंगातून बघत बसल्या, मग म्हणाल्या, “अगो बाई, हे मुद्दाम केल्यासारखं आहे की!”

नंतर एका दुपारी फोन वाजला. अशोकरावांचा नंबर होता, म्हणून मी नेहमीसारखी सुरू झाले, “हां अशोकराव, बोला, सुजाता कशी…” पलीकडून काहीच नाही. नुसता श्वास. खूण दाखवता येत नाही, म्हणून ती फोन कधी घेतच नव्हती.

मी बोलायची थांबले. पडवीत बसले. पलीकडे रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“सापडलं,” ती म्हणाली. “घरामागं. आणखी एक… वेगळं.”

मी वाट पाहिली. बराच वेळ.

“ये,” ती म्हणाली.